दिगूचे अकरा पॉइंट

दिगू गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये बसून, सकाळच्या सवयीने, आलेल्या प्रत्येक मेसेजला थम्ज-अप देत चाललो होतो. टीमचा एक, गणेशोत्सवाच्या कमिटीचा एक, आणि मध्येच वैशालीचा, दिगूच्या बायकोचा. तिलाही दिला. मग वाचला. 'दिगंबर आज सकाळी गेला. शांतपणे गेला.' आणि त्याखाली माझा तो पिवळा अंगठा... मी तो लगेच काढला, पण ज्यांना दिसायचा त्यांना दिसलाच असणार. बावीस वर्षांच्या मैत्रीचा शेवट माझ्याकडून असा झाला. आज त्याला सात आठवडे झाले. मराठी मंडळाच्या पुरवणीसाठी त्याच्याबद्दल लिही, तू त्याचा सगळ्यात जुना मित्र, असं मला सांगण्यात आलं आणि वर 'छान लिहा' असंही. छान काय लिहू, कपाळ? तो उत्तम इंजिनिअर होता, मदतीला धावायचा, हे सगळं शोकसभेत सांगून झालं आहे. तिथे कुणी बोललं नाही ते एवढंच की तो शिकारी होता. मंडळातल्या अर्ध्या लोकांना त्याची लाज वाटायची. हरणाची शिकार, शी! त्यांच्या माहितीसाठी सांगतो, दिगूने आयुष्यात एकही हरीण मारलं नाही. एकही नाही. आणि त्यात माझा हात आहे.

आम्ही भेटलो पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात. चार पोरं, दोन खोल्या, एक कढई. भारतीय दुकान असं नव्हतंच. कुणी शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूला नातेवाइकांकडे गेला की येताना तूरडाळ आणायचा आणि मग आठवडाभर त्याला मान असायचा. मी नाशिकचा, दिगू भंडाऱ्याचा. त्याचे वडील फॉरेस्टमध्ये रेंजर. पहिल्याच आठवड्यात आम्ही कॅम्पसच्या बसची वाट बघत होतो आणि हा पठ्ठ्या रस्त्याकडेच्या चिखलात उकिडवा बसला. बस आली, मी ओरडलो, तर म्हणतो, "थांब ना बे. हरणाची मादी आहे. संग दोन पिल्लं आहेत." बस गेली. लेक्चरही गेलं. आणि पाचच मिनिटांत कचऱ्याच्या डब्यामागून खरंच एक मादी आली आणि तिच्यामागे दोन पिल्लं. मला वाटलं होतं, हरीण पाहायला जंगलात जीपमधून जावं लागतं, आणि इथे ती पिझ्झाचे खोके हुंगत होती. पुढे थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी, म्हणजे हरणाच्या सीझनच्या पहिल्या दिवशी, दिगू लॅबमध्ये गेला तर तिथे चिटपाखरू नाही. त्याचा प्रोफेसरसुद्धा नारिंगी जाकीट घालून जंगलात गेलेला. दिगूला हे पचेना. त्याच्या घरी शिकारी म्हणजे वडील ज्याच्या मागावर रात्रंदिवस फिरायचे तो माणूस.

त्याला यात ओढलं आमच्या घरमालकाने. अर्ल त्याचं नाव, निवृत्त बसड्रायव्हर. एका डिसेंबरात त्याने पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं हरणाचं मांस आणून दिलं. दिगूने आईने पाठवलेल्या मसाल्यात त्याचा सावजी रस्सा केला. धुराची घंटा दोनदा वाजली, वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले, आणि तोवर अंडंसुद्धा चोरून खाणाऱ्या मी तीन वेळा वाढून घेतलं. अर्लच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोही ताट सोडेना. म्हणाला, पुढच्या वर्षी माझ्याबरोबर चल. त्यासाठी आधी शिकारीचा कोर्स करावा लागतो. दिगू गावातल्या अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये बारा-बारा वर्षांच्या मुलांमध्ये दोन शनिवार बसला आणि परीक्षेत पहिला आला. पहिला आल्याचं त्याने मला फोन करून सांगितलं! मी म्हटलं, अरे गाढवा, बाकीचे सातवीतले होते.

वडिलांना सांगायला मात्र त्याने दोन वर्षं लावली. मी शेजारी बसलो होतो. काका म्हणाले, "तीस वर्षं ज्यांना पकडलं, त्यांच्यात आता तू." दिगूने समजावलं की इथे परवान्याच्या पैशावरच जंगल राखतात, किती मारायचे ते मोजून ठरवतात. काका ऐकत राहिले. आणि शेवटी, माझ्या कानांवर विश्वास बसेना, विचारतात, "बरं, पण मादी कशी ओळखतो?" तेव्हापासून ते त्यात शिरले. पुढे जेव्हा शिकारीला कुठे जायचं याची चर्चा सुरू झाली, तेव्हा ते भंडाऱ्यात बसून अमेरिकेचे नकाशे मागवायचे. "पाणी कुठं आहे ते पाह्य. बाकी सगळ्या थापा."

आता कुणी विचारेल, पेनसिल्व्हेनियात दारात हरणं असताना कुठे जायचं याची चर्चा कशाला? त्याचं कारण म्हणजे ईरा, दिगूची मुलगी. दिगूला तिथेच नोकरी लागली, मी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला गेलो. त्याने गावाबाहेर घर घेतलं आणि त्या घराच्या मागच्या अंगणात रोज संध्याकाळी हरणं यायची. वैशालीचा झेंडू खायची, गुलाब खायची, ती झाडू घेऊन मागे धावायची. ईरा चार वर्षांची होती. तिने त्यांची नावं ठेवली चकली, करंजी आणि लाडू. झालं! सीझन आला, अर्लबरोबर दिगू तीन-चार वेळा मागच्या टेकडीवर जाऊन बसला, समोर हरीण आलं, त्याने दुर्बिणीतून पाहिलं आणि घरी परत आला. "अबे, डाव्या कानाला खाच होती. करंजी होती ती. करंजीले गोळी घालू का?" मी हसून हसून मेलो. पण तो गंभीर होता. ओळखीचं जनावर मारायचं नाही, असा त्याने नियमच करून टाकला. एकदाच जायचं, लांब जायचं, अनोळखी डोंगरात जायचं, एक मोठा नर मारायचा, त्याचं सगळं मांस खायचं आणि बंदूक विकून टाकायची. बरोबर मी. मी बंदूक धरणार नव्हतो, मी स्वयंपाक करणार होतो आणि ओझी वाहणार होतो.

मग आम्ही दोघांनी दर रविवारी फोनवर हा देश पिंजून काढला. कुठे हरणं मोठी, कुठे सरकारी जमीन जास्त, कुठे चढ झेपेल, कुठे हरणांत तो मेंदूचा रोग आलेला नाही. दिगूने तक्ता केला होता, मी त्यात सूत्रं घातली. टेक्सास बाद, कारण जमीन सगळी खाजगी. आयोवा बरा, पण नुसता मका. शेवटी रॉकी पर्वतातल्या एका राज्यातला एक भाग एक नंबरवर आला. त्याचं नाव मी लिहिणार नाही. शिकारी लोक जागा सांगत नसतात आणि दिगूने मला ईराची शपथ घातली होती. काकांनी नकाशा पाहिला, व्हिडिओ कॉलवर तीन झरे बोटाने दाखवले आणि म्हणाले, "हेच." पण तिथे कुणालाही जाता येत नाही. बाहेरच्या राज्यातल्यांसाठी मोजकेच परवाने, ते अर्ज करून मिळवायचे. अर्ज केला आणि परवाना मिळाला नाही की एक पॉइंट जमा होतो. दर वर्षी एक. ज्याचे पॉइंट जास्त त्याला आधी. गेल्या वर्षी किती पॉइंटवाल्यांना मिळालं, ते आकडे सरकार जाहीर करतं. म्हणजे शुद्ध मराठीत सांगायचं तर इंजिनिअरिंगची ॲडमिशन. कटऑफ, पसंतीक्रम, पहिला पर्याय, दुसरा पर्याय, सगळं तेच! ते कळल्यावर आम्हाला काय आनंद झाला होता. याच्यात आपल्याला कोण हरवणार?

इथे माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. बारावीनंतर ॲडमिशनचा फॉर्म भरताना बाबांच्या धाकाने मी सगळ्यात खाली एक भलतंच कॉलेज लिहिलं होतं. नाहीच कुठे लागलं तर असू दे म्हणून. तेच लागलं. मला हवं होतं ते कॉलेज माझ्याहून कमी मार्कांच्या पोराला पुढच्या फेरीत मिळालं आणि मी चार वर्षं दात ओठ खाल्ले. तेव्हापासून माझं एक तत्त्व आहे, नको असलेलं कागदावर लिहायचंच नाही. लिहिलं की तेच गळ्यात पडतं. लग्नाच्या वेळी, नोकरीच्या वेळी, घर घेताना मी ते पाळलं आणि येता-जाता दुसऱ्यांनाही ऐकवलं. दिगूला तर फारच.

पॉइंट वाढत गेले. कटऑफही वाढत गेला. आम्ही पाचवर पोचलो तेव्हा तो सातवर, आम्ही सातवर तेव्हा नऊवर. सगळ्या अमेरिकेत आमच्यासारखेच शहाणे साठवत बसले होते. दिगू म्हणायचा, ग्रीन कार्डच्या रांगेत कंटाळा आला म्हणून दुसरी रांग लावली, ती बी तशीच निघाली. त्याच काळात काका गेले आणि व्हिसाच्या भानगडीत दिगूला जाता आलं नाही. व्हिडिओवर अंत्यविधी पाहिला त्याने. त्यानंतरच्या वसंतात, सात पॉइंट असताना, तो मला म्हणाला, "सत्या, या वर्षी चौथ्या नंबरच्या भागात जाऊन येऊ ना बे. सहालाच मिळते. बाबांच्या डोक्यात होतं, ते होऊन जाईल." आणि मी काय म्हणालो? "वेडा आहेस का? सात वर्षं घालवलीस ती चौथ्या नंबरसाठी? ड्रॉप घे." तो म्हणाला, "बरं." त्याचं हे 'बरं' फार वाईट होतं. त्यात हो आहे की नाही, ते कधी कळायचं नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. एक वर्ष, कदाचित तेवढंही नाही. अकरा पॉइंट झाले होते आणि एक नंबरच्या भागाचा आदल्या वर्षीचा कटऑफ बरोबर अकरा होता. मार्चच्या शेवटी त्याचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "औषधानं डोळ्यांपुढं अंधारी येते, स्क्रीन पाहवत नाही. माझा फॉर्म तू भर. अन् ऐक, एक नंबर नको. नक्की लागेल असा कोणताही टाक. डोंगर असला म्हणजे झालं. मला एकदा फक्त जाऊन यायचं आहे." मी म्हटलं, तू काळजीच करू नकोस. त्याच संध्याकाळी मी त्याच्या खात्यात गेलो, तक्ता शेजारी उघडला. शून्य पॉइंटवाल्यालाही मिळतील असे तीन-चार भाग होते, सप्टेंबरातच सीझन सुरू होणारे. आणि मला ते पाहवेनात. मरायला टेकलेल्या माणसाला, अकरा वर्षं थांबलेल्या माणसाला, मी शून्यवाल्यांच्या रांगेत उभा करू? पहिल्या पर्यायात मी एक नंबरचा भाग लिहिला. खाली दुसरा, तिसरा, चौथा, तीन ओळी होत्या. तिथे काहीही लिहून काडीचं नुकसान नव्हतं. पहिला लागला नाही तरच ते दुसरा बघतात. नियम मला पाठ होते, दिगूला मीच समजावले होते. तरी माझा हात चालला नाही. लिहिलं की तेच गळ्यात पडतं... तीनही ओळी कोऱ्या ठेवून मी बटण दाबलं. आणि त्याला मेसेज केला, 'भरला.'

जूनमध्ये निकाल आला. नाही लागला. कटऑफ बारावर गेला होता. मी फोन केला तेव्हा तो अंगणात बसला होता, मागे ईरा कुणाशी तरी बोलत होती. मी सांगितलं. त्याने अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "दुसरा काय टाकला होता?"

मी म्हणालो, "तिथेही नाही लागला रे."

"बरं," तो म्हणाला.

मी खोटं बोललो हे मला तोंडातून शब्द बाहेर पडतानाच कळत होतं. वाटलं, नंतर सांगू. उरलेले परवाने ऑगस्टमध्ये निघतात, त्यातला एखादा पटकावू आणि मगच हसत-हसत सांगू. ऑगस्टमध्ये मी लॅपटॉप घेऊन बसलो, पान उघडलं आणि चार मिनिटांत सगळे संपले. तेही मी त्याला सांगितलं नाही.

ऑक्टोबरमध्ये मी चार दिवस त्याच्याकडे राहिलो. तीच शेवटची भेट. खिडकीपाशी खुर्ची टाकली होती, त्यात तो पांघरूण घेऊन बसलेला. हातांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या. वैशालीने केलेली पेज दोन चमचे जायची आणि परत यायची. रोज ठरवायचो, आज सांगतो. तो मला माझ्या ब्लडप्रेशरबद्दल विचारायचा. ईरा आता सोळा वर्षांची. किचनमध्ये मी कॉफी करत होतो तर ती म्हणाली, "काका, इट्स सो स्टुपिड. ही जस्ट वॉन्टेड टू गो वन्स." मी म्हटलं, हो बेटा. दुसरं काय म्हणणार? निघताना मी त्याच्या पाया पडलो. आमच्यात असली पद्धत नव्हती, तो माझ्याहून तीन महिन्यांनी लहानच. तो म्हणाला, "काय करून राहिला बे?" आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. विमानात मी लहान पोरासारखा रडलो, पण सांगितलं नव्हतं ते नव्हतंच.

अंत्यविधीला गेलो तेव्हा वैशालीने त्याची ऑनलाइन खाती बंद करायचं काम मला दिलं. "तुम्हा दोघांचंच ते काय ते, तूच बघ." बोलता बोलता तिने विचारलं, "ते अकरा पॉइंट ईराच्या नावावर होतात का रे?" नाही होत. माणूस गेला की पॉइंटही जातात, ते कुणाला देता येत नाहीत. मग ती म्हणाली, "आणि तसंही ऑक्टोबरमध्ये, तुमच्या त्या एक नंबरच्या सीझनला, तो कुठला जातोय... सप्टेंबरात मात्र तीन आठवडे बरा होता. कोपऱ्यापर्यंत स्वतः गाडी चालवत गेला होता, माहितीये?" मला माहीत नव्हतं. लोक मला समजावतात की तो नाहीतरी जाऊ शकला नसता. तीच समजूत मीही धरून बसलो होतो. ती त्या दुपारी गेली.

त्याच्या टेबलाच्या खणात एक निळी फाइल होती. वर भंडाऱ्याहून आलेले काकांचे नकाशे, बोटांच्या घामाने मऊ झालेले. त्याखाली एक छापलेलं पान. मी भरलेला अर्ज. खाली कोपऱ्यात छापल्याची तारीख आपोआप येते. ती मे महिन्यातली होती. म्हणजे अर्जाची मुदत संपून गेली होती, काही बदलता येण्यासारखं नव्हतं आणि निकाल अजून लागायचा होता. अर्जाची पोच त्याच्या मेलवर गेली होती, ती त्याने उघडून पाहिली होती. म्हणजे जूनमध्ये त्याने मला 'दुसरा काय टाकला होता' असं विचारलं, तेव्हा त्याला उत्तर ठाऊक होतं. त्याने विचारलं ते मला सांगता यावं म्हणून. मी खोटं बोललो आणि त्याने ते 'बरं' म्हणून ठेवून घेतलं, ऑक्टोबरातले ते चार दिवस त्या खुर्चीत माझ्यासमोर बसून ठेवून घेतलं.

पानावर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पर्यायाच्या कोऱ्या ओळी आता कोऱ्या नव्हत्या. त्या त्याने पेन्सिलने भरल्या होत्या. परीक्षेत लिहायचा तसं नीट, उभं अक्षर. तीन भागांची नावं, तिन्ही शून्य पॉइंटवाल्यांची. पहिल्या नावापुढे लिहिलं होतं, 'सप्टेंबर, पहिला आठवडा. झरा आहे. सत्याला उन्हाळी बूट.'

दारात वैशाली उभी होती. "काही सापडलं का रे?" तिने विचारलं. मी पान फाइलमध्ये सरकवलं आणि म्हणालो, "नाही गं, जुने कागद." ते माझं दुसरं खोटं. वैशाली, तू ही पुरवणी वाचतेस, ईराला मोठ्याने वाचून दाखवतेस, मला माहीत आहे. हेही वाच. ते पान माझ्याकडे आहे. मी ते चोरून आणलं आहे आणि तू मागशील तेव्हा परत देईन. यापुढे तुम्ही दोघींनी माझ्याशी बोलला नाहीत तरी माझी काही तक्रार नसेल. मला माफी नको आहे. ती देणारा गेला, आणि तो होता तोवर मी ती मागितली नाही.

दुसरा काहीच टाकला नव्हता, दिगू. तिन्ही ओळी मी कोऱ्या ठेवल्या होत्या.